‘ध’चा ‘मा’ आणि छापील किंमत

मराठी मुलखात न्यायाधीश पुष्कळ होऊन गेले. परंतु त्यांपैकी एकाचेच नाव बोलीत गुणवाचक म्हणून रूढ झाले आहे. एखादा मुख्याध्यापक शिफारस मानीत नसला, एखादा कारकून चहाचा पेलाही स्वीकारीत नसला, की त्याचा ‘रामशास्त्री बाणा’ आहे असे म्हटले जाते. या शब्दप्रयोगातून व्यक्त होणारा अर्थ सामान्यतः असा की, हा मनुष्य नियमाच्या अक्षरापासून केसभरही ढळत नाही. हा अर्थ रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्राशी कितपत जुळतो, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच भाषेचाही आहे. आणि न्याय हा विषय घेऊन निघालेल्या मराठी चित्रपटांचे परीक्षण करताना तो टाळता येत नाही. कारण प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटातील न्यायाधीश आणि ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मधील बँकेतला नोकर यांना प्रेक्षकांनी एकाच मापाने मोजले आहे. दोघेही ‘बाणेदार’ ठरले. त्या दोघांत जो मूलभूत विरोध आहे तो मात्र या विशेषणाखाली झाकला गेला.

प्रथम ‘रामशास्त्री’चा विचार करू. हा चित्रपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने काढला. गजानन जागीरदार यांनी त्यात रामशास्त्र्यांची भूमिका केली आणि दिग्दर्शनही त्यांच्याकडे होते. कथा शिवराम वाशीकर यांची. व्ही. शांताराम त्यापूर्वीच, १९४२ साली, प्रभात सोडून गेले होते, आणि कंपनीच्या उत्तरकाळातील ही सर्वांत भरीव कृती होय. बालपणापासून न्यायासनापर्यंतचा नायकाचा प्रवास चित्रपट दाखवितो. पण त्याचा सारा भार एका प्रसंगावर येऊन पडतो. तो प्रसंग म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्या खुनाबद्दल रघुनाथरावांना मिळालेला जाब.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांस मारले. त्यांस पकडण्याविषयीचा जो लेखी हुकूम होता, त्यातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले व हा फेरफार आनंदीबाईंनी केला, ही कथा सर्वश्रुत आहे. ग्रांट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ती नोंदविली, आणि रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळवून त्यातील बदल ओळखला असेही त्याने म्हटले. मूळ कागद आज समोर नसल्याने या कथेला परंपरेचे बळ आहे, प्रमाणाचे नाही. पण परंपरा म्हणून ती विलक्षण अर्थपूर्ण आहे, आणि ललिता पवार यांच्या आनंदीबाईमुळे चित्रपटात ती प्रेक्षकाच्या मनावर कायमची ठसते.

या कथेतील अपराधाचे स्वरूप भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहावयास हवे. ‘ध’ आणि ‘मा’ यांत ध्वनिसाम्य मुळीच नाही. एक दन्त्य, महाप्राण, घोष स्पर्श. दुसरा ओष्ठ्य अनुनासिक, आणि त्यास दीर्घ स्वर. हुकूम तोंडी दिला गेला असता तर ‘धरावे’च्या जागी ‘मारावे’ ऐकू येण्याचा संभव नव्हता. म्हणजे हा ऐकण्यातला घोटाळा नव्हे; जेथे आज्ञा देणारा एकीकडे, ती वाचणारा दुसरीकडे आणि दोघांच्या मध्ये केवळ कागद आहे, तेथेच हा अपराध घडू शकतो. तो लेखनाच्या पोटी जन्माला आलेला अपराध आहे. दुसरी गोष्ट अशी की धातू बदलला तरी ‘-आवे’ हा प्रत्यय तसाच राहिला. विध्यर्थ कायम, भावे प्रयोग कायम, आणि कर्त्याचा उल्लेख मुळातही नव्हता, नंतरही नाही. ‘नारायणरावांस धरावे’ या वाक्यात धरणारा कोण हे सांगितलेले नसते. ‘मारावे’ या वाक्यातही मारणारा कोण हे सांगावे लागत नाही. खाडाखोड जी झाली ती अर्थाची. वाक्याची रचना खुनाला आधीपासूनच सोयीची होती. आजची कार्यालयीन मराठी ‘कारवाई करण्यात यावी’, ‘आदेश देण्यात येत आहे’ असे जे लिहिते, त्याचे व्याकरण याहून फार निराळे नाही.

आता रामशास्त्र्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. त्यांचे पहिले कृत्य पाठचिकित्सेचे आहे. कागद मागवावा, अक्षर तपासावे, मूळ पाठ कोणता व प्रक्षिप्त कोणता हे ठरवावे, ही पद्धती एखाद्या संपादकास शोभेल अशी आहे. पण या चिकित्सेतून जे निष्पन्न झाले ते रघुनाथरावांच्या बाजूचे होते! आपण केवळ धरण्याचा हुकूम दिला, मारण्याचा दिला नाही, हा त्यांचा बचाव त्या कागदानेच खरा ठरतो. अक्षराला चिकटून बसणारा न्यायाधीश येथेच थांबला असता, आणि खुनाचे दायित्व फार तर आनंदीबाई व गारदी यांच्यावर टाकून मोकळा झाला असता. रामशास्त्री थांबले नाहीत. ज्याने पुतण्याला धरण्यासाठी शस्त्रधारी माणसे वाड्यात घातली, त्याच्याकडे त्यांनी हुकमाच्या अक्षराच्या पलीकडे पाहिले, आणि देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असा निर्णय त्यांना तोंडावर ऐकविला. कर्ता नसलेल्या लेखी वाक्याला त्यांनी दिलेले उत्तर कर्त्याला उद्देशून उच्चारलेले, समोरासमोरचे, द्वितीय पुरुषातले आहे. चित्रपटाचे सामर्थ्य याच संक्रमणात आहे. कॅमेरा कागदावरून माणसाच्या मुखाकडे येतो, आणि जागीरदारांच्या संथ, जड, शब्दाशब्दावर तोललेल्या उच्चारात ‘न्याय’ हा शब्द विधानाचे रूप टाकून कृतीचे रूप घेतो.

त्या निर्णयाची अंमलबजावणी कधी झाली नाही, हे चित्रपटाला ठाऊक आहे आणि त्याने ते लपविलेले नाही. रामशास्त्र्यांनी अधिकार सोडला व पुणे सोडले. पुढे बारभाईंच्या कारभारात ते पुन्हा न्यायासनावर आले. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. या न मिळालेल्या दंडाची किंमत कोणी दिली हे पाहावयाचे तर ठाणे जिल्ह्यातील वाचकाला दूर जावे लागत नाही. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टी व वसई देऊ केली. इतिहासाने शिक्षा दिली नाही; निर्णय मात्र लोकांच्या तोंडी उरला. दंडाशिवाय टिकणारा न्याय हा केवळ उच्चाराच्या बळावर टिकतो, आणि तसे टिकण्यासाठी उच्चारणारा माणूस ओळखीचा असावा लागतो. चित्रपटाचे नाव न्यायावरून न ठेवता माणसावरून ठेवले गेले ते योग्यच झाले.

याच परंपरेत ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) याचा उल्लेख करण्याची पद्धत आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेली ती कथा ग. दि. माडगूळकर यांची, आणि शांताराम यांचे ते कदाचित सर्वांत प्रामाणिक चित्र. पण त्यातील न्याय शब्दाचा नसून दृष्टीचा आहे; सहा खुनी ज्याला भितात व जपतात ते जेलरचे वाक्य नव्हे, त्याचे डोळे. म्हणून प्रस्तुत विवेचनात त्याला बाजूस ठेवणेच बरे.

शब्दाकडे परत यावयाचे तर विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’कडे वळावे लागते. नाटक १९६७ साली रंगायनने आणले. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्याचा चित्रपट केला, छायालेखन गोविंद निहलानी यांचे, आणि बेणारेची भूमिका रंगभूमीप्रमाणेच सुलभा देशपांडे यांची. रंगमंचावरील बंदिस्तपणा पडद्यावर काहीसा सैल झाला आहे हा आक्षेप मान्य करूनही, एक गोष्ट चित्रपटाने स्पष्ट केली. अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडणारी ही हौशी मंडळी कायद्याविषयी काहीच जाणत नाहीत; त्यांना येते ती फक्त कोर्टाची भाषा. ‘आरोपी’, ‘साक्षीदार’, ‘पिंजरा’, ‘आरोप’ हे शब्द तोंडी येताच त्यांना अधिकार प्राप्त होतो. रामशास्त्र्यांच्या बाबतीत व्यक्तीमुळे शब्दाला वजन होते; येथे शब्दामुळे क्षुद्र माणसांना वजन येते. भ्रूणहत्येचा आरोप ठेवलेल्या स्त्रीला दिलेली शिक्षा म्हणजे तिच्या पोटातील गर्भाचा नाश, हा विरोधाभास कोणालाही खटकत नाही, कारण तो निर्णयाच्या भाषेत सांगितलेला असतो. आणि शीर्षकातील ‘शांतता!’ ही आज्ञा शेवटी लागू होते ती ज्या एकीने बोलावयाचे असते तिलाच.

‘डोंबिवली फास्ट’पर्यंत येताना न्यायालयच दिसेनासे होते. निशिकांत कामत (निधन २०२०) यांचा हा चित्रपट. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि कामत यांनीच पुढे २००७ साली तमिळमध्ये त्याची आवृत्ती काढली. माधव आपटे (संदीप कुलकर्णी) डोंबिवलीत राहतो, मुंबईत बँकेत नोकरी करतो, आणि रोजच्या लोकलप्रवासात, शाळेच्या देणगीत, रस्त्यावरच्या लाचेत नियम मोडलेले पाहत जगतो. एके दिवशी त्याची सहनशीलता संपते. हातात क्रिकेटची बॅट घेऊन तो शहर ‘दुरुस्त’ करावयास निघतो, आणि अखेर पोलिसांच्या गोळीने मरतो.

या चित्रपटाची चर्चा बहुधा ‘फॉलिंग डाउन’ (१९९३) या अमेरिकन चित्रपटाशी असलेल्या साम्याच्या मुद्द्यावर अडकून पडते. साम्य आहेच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण साम्य जेथे सर्वांत ठळक आहे तेथेच भेदही सर्वांत बोलका आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दोन्ही चित्रपटांत नायक थंड पेयाच्या किमतीवरून दुकानदाराशी भांडतो आणि दुकान फोडतो. अमेरिकन नायकाची तक्रार अशी की किंमतच फार आहे. ती त्याला १९६५ सालच्या पातळीवर न्यावयाची आहे. म्हणजे त्याला गेलेला काळ परत हवा आहे. आपट्याला किमतीविषयी तक्रार नाही. बाटलीवर छापलेल्या किमतीहून दुकानदार अधिक पैसे मागतो, ही त्याची तक्रार. त्याला भूतकाळ नको आहे. जे छापले आहे आणि जे घडते त्यांत अंतर नको आहे. कोणत्याही परकीय कथेतून न आलेला असा हा या चित्रपटाचा स्वतःचा विचार आहे, आणि तो पूर्णपणे मराठी मध्यमवर्गाचा आहे. ज्या समाजाने चार पिढ्या कारकुनी केली, नियमपुस्तक वाचले, तक्ते भरले, त्याची छापील अक्षरावर जी श्रद्धा आहे ती आपट्यामध्ये देह धारण करून उभी आहे. कल्याणच्या अलीकडच्या या गावात बिऱ्हाडे करून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या कचेऱ्यांत गेलेल्या माणसांचा तो प्रतिनिधी आहे. त्याचे वेळापत्रकसुद्धा छापील आहे.

म्हणूनच आपट्याला ‘रामशास्त्री बाण्या’चा म्हणणे ही गल्लत आहे. रामशास्त्र्यांनी अक्षर वाचले आणि मग ते ओलांडले. आपट्याला अक्षर ओलांडणे ठाऊकच नाही. रामशास्त्र्यांच्या दृष्टीने ‘धरावे’ हा शब्द पुरावा आहे, आपट्याच्या दृष्टीने छापील किंमत हाच निवाडा आहे. एकाने विचारपूस केली, कागद मागविला, समोरच्याला बोलू दिले. दुसऱ्याने दुकानदाराचे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. बर्फाचा, विजेचा, हप्त्याचा खर्च कोणी सोसावा, असा काही युक्तिवाद त्या दुकानदाराजवळ असेल. तो बहुधा खोटा असेल, पण तो मांडला जाण्यापूर्वीच निकाल लागतो आणि अंमलही होतो. वादी, न्यायाधीश आणि दंडाधिकारी एकाच माणसात सामावले की ‘न्याय’ या शब्दातील ऐकण्याचा अंश नाहीसा होतो.

दिग्दर्शकाला हे दिसत होते काय? अंशतः होय. आपट्याचा माग काढणारा पोलीस अधिकारी अनासपुरे हाच चित्रपटातील एकमेव ऐकणारा मनुष्य आहे. त्याला आपट्याविषयी जी आस्था वाटू लागते ती त्याचे कृत्य पटते म्हणून नव्हे, त्याचे म्हणणे ऐकू येते म्हणून. हे पात्र अधिक वाढविले असते तर चित्रपट थोर झाला असता. परंतु पडद्यावर बॅटचा प्रत्येक फटका अशा रीतीने टिपला आहे की प्रेक्षकाने टाळी द्यावी. आणि टाळी पडली की ऐकण्याचा प्रश्न उरत नाही. हा दोष शैलीचा वाटला तरी तो विचाराचा आहे.

या संदर्भात एक साधी भौगोलिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. डोंबिवलीचे दावे कल्याणच्या न्यायालयात जातात. डोंबिवलीहून ठाकुर्ली आणि ठाकुर्लीनंतर कल्याण, एवढेच अंतर. पण आपट्याची गाडी रोज उलट दिशेने, मुंबईकडे जाते. सबंध चित्रपटात त्याला कल्याणची गाडी पकडावी असे एकदाही सुचत नाही. छापील किमतीहून जास्त आकारणी हा त्याच्या काळातही गुन्हा होता. त्यासाठी १९७६ च्या वजन व मापे मानक अधिनियमाखालील नियम होते, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण अधिनियम होता. म्हणजे आपट्याचे म्हणणे कायद्यातच लिहिलेले होते. कायद्याच्या अक्षरावर ज्याची एवढी भक्ती, त्याला कायद्याच्या दाराचा विसर पडावा, ही गोष्ट पटकथेतील उणीव म्हणून सोडून देता येईल. परंतु ती खरी निरीक्षणाचीही असू शकते. त्या वर्गाला नियम पाठ होता, न्यायालय मात्र ‘कोर्टाची पायरी’ होती, शहाण्याने जी चढू नये असे तो लहानपणापासून ऐकत आला.

आपटे ती पायरी चढला असता तर त्याला काय ऐकू आले असते? चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातून या प्रश्नाचे उत्तर मिळते. व्हेनिसमध्ये त्याला गौरव मिळाला व सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. येथे महत्त्वाचे ते त्यातील भाषेचे व्यवस्थापन. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) याच्यावर आरोप असा की त्याच्या गाण्यातून चिथावणी मिळून गटारात काम करणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. म्हणजे अपराध पुन्हा एकदा वाक्यातच आहे, आणि पुन्हा विध्यर्थातच. १७७३ च्या कागदावर एक धातू बदलला होता. येथे काही बदललेले नसताना विध्यर्थ शब्दशः वाचला जातो. शाहिराच्या वाणीतील संताप, उपरोध, अतिशयोक्ती हे सारे सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) बाजूला सारतात आणि केवळ आज्ञेचा प्रत्यय ठेवतात. अक्षरनिष्ठेची ही परिसीमा होय, आणि तीत कोणतीही दुष्टता नाही. ती बाई मनापासून आपले काम करते, कलमे भराभर वाचते, आणि संध्याकाळी लोकलच्या डब्यात बसून घरगुती गोष्टी बोलत जाते. तिला खलनायिका न करणे हा ताम्हाणे यांचा मोठाच विवेक आहे. आनंदीबाईंच्या वाट्याला तो आला नव्हता.

या न्यायालयात साक्ष मराठीत होते, बचावाच्या वकिलाला मराठी समजत नाही म्हणून हिंदीची मागणी होते, आणि न्यायाधीश ऐकलेल्याचा सारांश इंग्रजीत टंकलेखकास सांगतात. मृत कामगाराची विधवा थोडक्या, तुटक वाक्यांत नवऱ्याविषयी सांगते: कामामुळे त्याचा एक डोळा गेला होता, घाण सहन व्हावी म्हणून तो पिऊन उतरत असे, अंगावर संरक्षक साधने नसत. तिच्या बोलण्यात कर्ता पदोपदी आहे. नोंदीत उतरताना ते सारे परभाषेतील नीटनेटक्या वाक्यांत बसते, आणि एका माणसाचे आयुष्य दोन ओळींचे होते. मराठा अमदानीत वादी-प्रतिवादींची ‘तकरीर’ म्हणजे त्यांचे म्हणणे लिहून घेतले जात असे, आणि अग्रवादी कोण, पश्चिमवादी कोण हे ठरवून त्यावर निवाडा होई. त्या पद्धतीला आदर्श मानण्याचे कारण नाही. तीत जातीनुसार न्याय निराळा होता हे विसरता येत नाही. पण ‘तकरीर’ या शब्दाचा मूळ अर्थ बोलणे, कथन असाच आहे, आणि लेखनाने बोलण्याची आठवण ठेवावी एवढी अपेक्षा त्या शब्दात होती.

आधुनिक कायद्यानेही ती अपेक्षा सोडलेली नाही. ‘कोर्ट’ निघाला तेव्हा १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या संहितेत साक्षीदाराची साक्ष पूर्ण झाल्यावर ती त्याला वाचून दाखवावी, आणि ती त्याला न समजणाऱ्या भाषेत नोंदली असेल तर अर्थ समजावून द्यावा, अशी स्पष्ट तरतूद होती. १९९८ साली राज्य शासनाने जिल्हा व दुय्यम न्यायालयांसाठी मराठी ही भाषा ठरविली, तरी मुंबईच्या सत्र न्यायालयातील व्यवहारावर इंग्रजीची पकड राहिली, आणि चित्रपटातील टंकयंत्र तीच खडखड ऐकविते. विधवेचे दोन ओळींत बसविलेले आयुष्य तिला पुन्हा मराठीत वाचून दाखविले तर ते तिला ओळखू येईल काय, हा प्रश्न ताम्हाणे उच्चारीत नाहीत. न्यायाधीश पुढच्या साक्षीदाराला बोलावितात, आणि कॅमेरा जागचा हलत नाही.